व्याह्यांचं जॉइंट खातं

झिपरूभाऊ नेहेत्यांचं ठाम मत होतं, की ज्याला नीट अर्ज लिहिता येतो त्याचं या जगात काही अडत नाही. जळगावच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून त्यांनी उभा जन्म काढला होता आणि लोकांची कामं कशी अडतात हे टेबलामागच्या खुर्चीत बसून शांतपणे पाहिलं होतं. टेबलासमोर उभं राहायची पाळी त्यांच्यावर निवृत्तीनंतर आली, आणि तीही लेकीच्या घरापायी.

लेक पुष्पा धुळ्याला देवपुरात राहत होती. जावई हेमराज तिथल्याच एका हायस्कुलात मास्तर. राहायला एक खोली, नळ खाली अंगणात, आणि बाकीची सोय अंगणाच्याही पलीकडे, तीन बिऱ्हाडांत मिळून. अशात देवपुरातल्याच एका गृहनिर्माण सोसायटीत हेमराजांचा नंबर लागला. पुढचे हप्ते पगारातून जाणार होते, पण पहिला मोठा हप्ता मार्चअखेरच्या आत भरायचा होता. नाही भरला तर घर यादीतल्या पुढच्या माणसाला. तो पुढचा माणूस रोज संध्याकाळी सोसायटीच्या बांधकामावर येऊन भिंतींना हात लावून जातो, असं पुष्पानं पत्रात लिहिलं होतं. ते वाचल्यापासून झिपरूभाऊंच्या डोक्यात तो माणूस ठाण मांडून बसला.

हप्ता दोन्ही बापांनी निम्मा निम्मा उचलायचा ठरला. दुसरा बाप म्हणजे व्याही, फैजपूरचे जीवराम चौधरी, अख्ख्या गावाचे आबा. केळीचं मोठं क्षेत्र, दिल्लीच्या व्यापाऱ्याकडे माल जाणारा, बोलणं कमी आणि टोपी कडक. दोघांनी जळगावात बँकेत जॉइंट खातं उघडायचं, दोघांनी आपापला वाटा त्यात टाकायचा आणि एकरकमी पैसे धुळ्याला पाठवायचे, इतकी साधी योजना होती. वाईट गोष्टींची सुरुवात साध्या योजनेनंच होते.

फॉर्म भरताना चष्मेवाल्या कारकुनानं विचारलं, "पैसे काढायला कोणाची सही लागेल? दोघांपैकी कोणाही एकाची चालेल, की दोघांच्या हव्यात?"

एकाची चालेल असं म्हणावं, तर व्याह्याला वाटायचं, यांना एकट्यानं पैसे काढायचेत वाटतं. दोघांच्या हव्यात म्हणावं, तर वाटायचं, यांचा आपल्यावर विश्वास नाही. झिपरूभाऊ छताच्या पंख्याकडे बघू लागले आणि जीवरामआबा स्वतःच्या जोड्यांकडे.

"आबा, तुमच्या एकट्याची सही असू द्या," झिपरूभाऊ म्हणाले.

"छे छे याही! तुमी लिहिनारे मानसं. तुमचीच राहू द्या. मले कायचं समजते त्याच्यातलं?"

"असं कसं? मान तुमचा."

"मान घरात. इथी तुमी."

मागे रांग वाढत चालली. कारकुनानं पेन खाली ठेवलं, चहा मागवला, प्यायला, आणि तरी मान कोणाचा हे ठरेना. शेवटी त्यानंच "दोघांच्या सह्या" या रकान्यात खूण केली. दोघा व्याह्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि एकमेकांच्या सज्जनपणावर खूश होऊन बाहेर पडले. पासबुक कोणी ठेवायचं यावर बाहेर पायरीवर पुन्हा तेवढाच वेळ गेला. ते झिपरूभाऊंकडे राहिलं, कारण आबांनी ते त्यांच्या खिशात कोंबलं आणि यावलची एसटी पकडली.

झिपरूभाऊंनी आपला वाटा दुसऱ्याच दिवशी रोख भरला. आबांनी दिल्लीच्या व्यापाऱ्याचा चेक आणून टाकला. मग झिपरूभाऊ रोज जेवणाआधी बँकेत एक चक्कर मारू लागले. पासबुकात त्यांचाच वाटा एकटा उभा होता.

"चेक कलेक्शनला गेलाय," कारकून सांगायचा.

"कधी येईल?"

"आला की येईल."

हे उत्तर झिपरूभाऊंच्या ओळखीचं होतं. कचेरीत त्यांनी स्वतः ते हजारो लोकांना दिलं होतं, फक्त थोड्या चांगल्या भाषेत. त्यांनी मग आपलं हत्यार बाहेर काढलं आणि मॅनेजरला इंग्रजीतून अर्ज लिहिला. यथावकाश उत्तर आलं, की आपलं प्रकरण विचाराधीन आहे. आपल्याच हातची मिरची आपल्याच डोळ्यात जावी तसं झालं.

डिसेंबर गेला, संक्रांत गेली. मनात नको तो किडा वळवळू लागला. व्यापाऱ्याचा चेक वटला नसेल तर? किंवा, देव क्षमा करो, त्याच्या खात्यात पैसेच नाहीत हे आबांना ठाऊक असेल तर? आबांना सरळ विचारावं, तर व्याह्याला पैशाचं विचारणं म्हणजे त्याच्या टोपीला हात घालणं. आणि फैजपूरला टोपीपेक्षा मोठा धोका होता, तो म्हणजे विहीणबाई, मंदाबाई. पुष्पाच्या लग्नात आबांच्या मामांना दिलेलं उपरणं म्हणे अरुंद निघालं होतं. लग्नाला चार वर्षं झाली, मामा वारले, उपरण्याच्या चिंध्याही उरल्या नसतील, पण पुष्पा सणाला फैजपूरला गेली की तिच्या पुढ्यात त्या उपरण्याची रुंदी अजून मोजली जायची. तेव्हा इकडे जळगावात एक शब्द वाकडा गेला, की तिकडे त्याचा हिशेब पोरीला द्यावा लागणार हे ठरलेलं.

शेजारचे वना महाजन पोस्टातून निवृत्त झाले होते आणि सल्ला देण्याच्या कामावर कायम झाले होते. त्यांनी तोड काढली. "भाऊ, आडून विचारा. केळीला भाव कसा आहे, एवढंच लिहा. समजणारा समजतो."

झिपरूभाऊंनी कार्ड लिहिलं, "यंदा केळीला भाव कसा काय?" चौथ्या दिवशी फैजपूरहून ट्रकवाल्याबरोबर केळीचा एक अख्खा घड आला. त्यांनी दुसरं कार्ड लिहिलं, "दिल्लीकडे व्यवहार मंद आहेत असं ऐकतो." दोन घड आले. आबांचा समज झाला असावा, की याह्याला केळी खायची इच्छा आहे आणि मागायला लाजतो आहे. सगळ्या कॉलनीनं केळी खाल्ली. झिपरूभाऊंच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, केळीची भाजी केली, कोशिंबीर केली, शिकरण तर रोजच. झिपरूभाऊंना खोकला झाला.

"आता तिसरं कार्ड लिहाल तर मी माहेरी जाईन," वच्छलाबाई म्हणाल्या.

फेब्रुवारीच्या मध्यावर कारकून सहज बोलून गेला, "अहो, तुमचा दिल्लीचा चेक केव्हाच पास झाला. एंट्री मारायची राहून गेली होती." म्हणजे महिनाभर आपण व्याह्यावर मनातल्या मनात संशय घेत होतो आणि त्यानं पाठवलेली केळी खात होतो! झिपरूभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पैसे आले होते. दोघांच्या सह्यांचा चेक त्यांनी टाकोटाक धुळ्याला पाठवला. आबांनी आपली सही पहिल्याच दिवशी, पुढच्या मानपानाला वाव न ठेवता, कोऱ्या चेकवर करून ठेवली होती.

चेक परत आला. सोसायटीचे सेक्रेटरी झुलाल पाटील यांनी सोबत निरोप धाडला होता. तो हेमराजांनी जसाच्या तसा पत्रात उतरवला: "बाहेरगावना चेक चालाव नही. तो वटापर्यंत मार्च निंघी जाई. ड्राफ्ट लयी या, नही ते घर दुसराले जाई."

ड्राफ्टसाठी बँकेचा वेगळा अर्ज, आणि त्यावर पुन्हा दोघांच्या सह्या. आबांना बोलावणं भाग पडलं.

आता इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. खानदेशात मुलाचा बाप सुनेच्या माहेरी सही करायला येत नाही. तो व्याही म्हणून येतो. आबा सकाळी दारात उभे राहिले, की आधी पायांवर पाणी, मग चहा, मग सुपारी, मग गल्लीतल्या चार जणांची भेट. तोवर आत वच्छलाबाईंचं मांडे भाजायचं मातीचं खापर तापलेलं. हातावर फिरवून फिरवून धोतरासारखा पातळ केलेला पुरणाचा मांडा खापरावर पडायचा. असे मांडे, वर तूप, सोबत आमटीसारखी रसई, भजी आणि कुरडया. व्याह्यानं नको म्हणायचं, यजमानानं वाढायचं, हे तीनदा झाल्याशिवाय पान पूर्ण होत नाही. मग टोपी-टॉवेल देऊन कुंकू लावायचं. एवढं सगळं आटोपून दोघे बँकेत पोचले, तेव्हा शटर अर्धं खाली आलं होतं.

"दोनला बंद होतं," आतून आवाज आला.

पुढच्या आठवड्यात आबा पुन्हा आले. वच्छलाबाईंनी पहाटेच खापर चढवलं, म्हणून या खेपेला वेळेत पोचले. अर्ज समोर आला.

"करा आबा सही."

"नही, आदी तुमी."

"पहिला मान तुमचा."

"मानाचं काय घेऊन बसले याही, करा!"

या ओढाताणीत दोघांनी एकाच वेळी पेन टेकवलं आणि दोन्ही सह्या एकमेकींवर चढल्या. कारकुनानं नवा अर्ज दिला. तो भरला, तेव्हा कळलं की एवढ्या रकमेच्या ड्राफ्टवर मॅनेजरची सही लागते आणि मॅनेजर ट्रेनिंगला पुण्याला गेलेत; ते आले की नव्या तारखेचा नवा अर्ज, नव्या सह्या. आबा दुसरी टोपी आणि दुसरा टॉवेल घेऊन परतले.

"मी आता एकटा फैजपूरला जातो, उभ्या उभ्या सही घेतो आणि येतो," झिपरूभाऊ म्हणाले.

"उभ्या उभ्या?" वच्छलाबाईंनी नुसतं विचारलं.

फैजपूरला आबांनी अर्ज हातात घेतला आणि चौरंगावर ठेवून दिला. "आदी जेवन."

"आबा, लेकीच्या सासरी मी पाण्याचा थेंब घेत नाही. तुम्हाला माहीत आहे. नातवंड होईपर्यंत नेम आहे."

"मले मालूम आहे. मलेबी नेम आहे. याही उपाशी असतांनी मी कागदाले हात लावत नही."

दोन नेम समोरासमोर बसले. आतून मंदाबाईंच्या बांगड्या वाजत होत्या आणि त्या आवाजात उपरण्याची रुंदी होती. उठून जावं तर अपमान, बसावं तर बस चुकते. अखेर आबांनीच शास्त्रार्थ काढला. शेजारी निंबा राहायचा, त्याच्या ओट्यावर पाट मांडला. निंबाचं घर म्हणजे काही लेकीचं सासर नव्हे. पानं मात्र मंदाबाईंच्याच घरून भिंतीवरून पलीकडे गेली. शेवभाजी इतकी झणझणीत होती, की झिपरूभाऊंच्या नेमाला घाम फुटला. जेवण झाल्याबरोबर आबांनी दिल्या शब्दाप्रमाणे तिथंच सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी कारकुनानं अर्ज उजेडाकडे धरला. सहीच्या मधोमध शेवभाजीच्या तर्रीचा तांबूस गोल डाग होता आणि त्यात "चौधरी" बुडाले होते.

"हे नाही चालणार."

"अहो, डाग आहे, सही खरी आहे!"

"साहेब, मला सही दिसतच नाही. मला भाजी दिसते."

झिपरूभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी शिष्टाचार सोडला आणि काउंटरवर हात आपटला. लागलं त्यांनाच. पण घरी परत जाताना त्यांनी मनाशी पक्कं केलं, की घर सोडायचं नाही. तो भिंतींना हात लावणारा माणूस त्यांना रस्त्यानं सगळीकडे दिसत होता. दरम्यान वना महाजनांनी सुचवलं, की तुम्ही आजारी असल्याचं आबांना कळवा, म्हणजे ते धावत येतील. वच्छलाबाईंनी त्यांना दारातूनच चहा न देता पाठवलं.

शेवटचा दिवस उजाडला. ड्राफ्ट त्याच दिवशी निघायला हवा होता आणि त्याच दिवशी संध्याकाळी सोसायटीचं कार्यालय बंद व्हायच्या आत देवपुरात पोचायला हवा होता. जळगावहून धुळ्याला जायला एसटीला अर्धा दिवस, वाटेत बिघडली नाही तर. आबांना तार केली होती. ते पहिल्या गाडीनं निघाले, पण गाडी यावलच्या पुढे पंक्चर झाली. ते दारात उभे राहिले तेव्हा बाराला थोडा वेळ उरला होता.

आत खापर तापलेलं होतं. पुरणाचा वास फाटकापर्यंत येत होता. वच्छलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याशी आल्या. आणि झिपरूभाऊंनी आडवा हात धरला.

"थांब. पाणी नको देऊस."

आबांनी चपलेतून काढलेला पाय हवेतच ठेवला.

"आबा," झिपरूभाऊ म्हणाले, "आज घरात यायचं नाही. असेच बँकेत चला. पाणी नाही, चहा नाही, काही नाही."

वना महाजन ओट्यावर उभे राहिले. आलेल्या व्याह्याला उंबऱ्यावरून कोरडा फिरवणं ही गोष्ट त्या कॉलनीत कोणी पाहिली नव्हती. आबांचा चेहरा आधी लाल झाला, मग काळा. त्यांनी पाय पुन्हा चपलेत घातला, टोपी दोन्ही हातांनी नीट केली, आणि वळून चालू लागले. बँकेच्याच दिशेनं. झिपरूभाऊ मागून जवळजवळ पळत होते. पुष्पाचं तोंड त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. आपण आज पोरीला घर मिळवून देतो आहोत, की सासर घालवून देतो आहोत, हे त्यांना कळेना.

पण बँकेत एक चमत्कार झाला. रागावलेल्या आबांनी अर्ज ओढला आणि एका झटक्यात सही केली. "आदी तुमी" नाही, मान नाही, काही नाही. अर्ज झिपरूभाऊंकडे ढकलला, त्यांनीही केली. आबा बाकाच्या एका टोकाला जाऊन बसले, झिपरूभाऊ दुसऱ्या. कारकुनानं दोघांकडे पाहिलं आणि घाबरून अर्ज स्वतः उठून पुण्याहून परतलेल्या मॅनेजरकडे नेला. जे काम गोडीगुलाबीनं चार महिन्यांत झालं नाही, ते भांडणानं तासाच्या आत झालं. झिपरूभाऊंना क्षणभर वाटलं, की आधीच कधीतरी यांच्याशी भांडायला हवं होतं.

धुळ्याच्या गाडीत आबा पुढच्या सीटवर बसले आणि झिपरूभाऊ मागच्या. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, दोघे आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होते. देवपुरात सोसायटीच्या कार्यालयात झुलाल पाटील कुलूप हातात घेऊनच बसले होते. दारापाशी पुष्पा आणि हेमराज उभे होते, आणि दोन पावलं मागे एक बारीकसा गृहस्थ, हात मागे बांधून. हाच तो, हे झिपरूभाऊंनी लगेच ओळखलं.

ड्राफ्ट टेबलावर पडला. झुलाल पाटलांनी तो वाचला, उलटून पाहिला आणि पावती फाडली. "व्हयनं. घर तुमनं शे." बारीकसा गृहस्थ निघून गेला. हेमराजांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून उगाच पुसला.

पुष्पा मात्र दोन्ही म्हाताऱ्यांकडे बघत होती. तिला काहीतरी वास लागला होता. ती सासऱ्यांसमोर येऊन म्हणाली, "आबा, जळगावला घरी जेवलात ना?"

झिपरूभाऊंनी जमिनीकडे पाहिलं. आता आबा सांगणार. उद्या हे फैजपूरला जाणार, आणि अरुंद उपरण्याच्या जागी कोरडा उंबरा येऊन बसणार, जन्मभर.

"जेवलो ना," आबा म्हणाले. "मांडे व्हते. तुह्या मायनं केले व्हते."

पुष्पाचा जीव भांड्यात पडला. झिपरूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ते झुलाल पाटलांच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

आबांना पुढे फैजपूरची गाडी गाठायची होती, म्हणून दोघे लगेच निघाले. धुळ्याच्या स्टँडवर भजी तळली जात होती. सकाळपासून दोघांच्याही पोटात काही नव्हतं. झिपरूभाऊ पाकीट काढून पुढे सरकले, तसा आबांनी त्यांचा दंड धरला.

"नका, याही. स्टँडचे भजे खाईसन गेलो तं मंदाबाईले तोंडाचा वास येईन. मंग मांडे कुठी गेले ते विचारीन."

"आबा, तुम्ही उपाशी आहात."

"आज उंबऱ्यावर राग आला व्हता मले. लय आला. इथी आल्यावर पोरीचं तोंड पाह्यलं." आबांनी झिपरूभाऊंचा दंड सोडला. "तुमी पानी पाजलं असतं तं मी बसलो असतो. बसलो असतो तं घर गेलं असतं. बरं केलं तुमी."

गाडी आली. या खेपेला दोघे एकाच सीटवर बसले. गाडी पांझरेच्या पुलावरून निघाली, तेव्हा आबा खाली वाकून हळूच म्हणाले, "याही, मंदाबाई लय खोदून विचारते. आज पुरनात काय व्हतं? जायफळ का विलायची?"

"जायफळ," झिपरूभाऊ म्हणाले. "थोडीशी सुंठ."

"तूप?"

"वाटीभर. गावरान."

आबांनी आवंढा गिळला. "रसई कशी व्हती?"

"आमसूल घालून. जरा तिखट. भजी मेथीची."

"आन मी खाल्ले किती?"

"चार."

"चार?" आबांनी दुखावल्या स्वरात पाहिलं. "मंदाबाईले खरं वाटनार नही. सहा सांगतो."

"सहा," झिपरूभाऊ म्हणाले. "आणि मी आग्रह करून सातवा वाढला."